वाऱ्याची वहिवाट

इंग्लंडच्या मध्यभागी, ॲव्हन नदीच्या काठी वसलेल्या वॉरिक या किल्ल्याच्या गावी डोनल्ड हीली यांचा जो लहानसा मोटारकारखाना होता, त्याने 1953 नंतरच्या काही वर्षांत आपल्या ‘ऑस्टिन-हीली 100’ या मोटारीच्या धन्यांसाठी सुट्या भागांचा एक संच विक्रीस ठेवला होता. आणि त्या संचात दोन मोठे कार्बुरेटर, त्यांना साजेसे मॅनिफोल्ड, अधिक उचल देणारा कॅमशाफ्ट व व्हॉल्व्हच्या कडक स्प्रिंगा यांच्याबरोबर पत्र्याची एक साधी पेटी असे. ही पेटी कार्बुरेटरांच्या तोंडांवर घट्ट बसवावयाची आणि एका जाड नळीने तिचा संबंध मोटारीच्या पुढील भागाशी जोडावयाचा, म्हणजे बॉनेटखाली कोंडून तापलेल्या हवेऐवजी बाहेरची थंड हवा इंजिनाला मिळे. ‘कोल्ड एअर बॉक्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या पेटीत हलणारा एकही भाग नव्हता. तरीही इंग्रजी स्पोर्ट्स मोटारींच्या इतिहासाचा विचार करताना मला ती फार महत्त्वाची वाटते. कारण विकलेल्या मोटारीचा वायुमार्ग पुन्हा आपल्या मर्जीप्रमाणे बांधण्याची मुभा कारखानदारानेच ग्राहकाला दिली होती, याचा याहून स्पष्ट दस्तऐवज सापडावयाचा नाही.

आज या मोटारींना पुराणवस्तूंची प्रतिष्ठा प्राप्त झाल्यापासून, त्यांच्या कारखान्यातील मूळ स्थितीत तसूभरही फरक करणे म्हणजे पातक, असा एक मतप्रवाह त्यांच्या रसिकांत बळावला आहे. या मताच्या मुळाशी असलेली आस्था मला मान्य आहे. परंतु इतिहासाची साक्ष त्याच्या बाजूने नाही. त्या मोटारींचा वायुमार्ग बदलण्याची वहिवाट मोटारींइतकीच जुनी आहे, आणि ती पाडली ती प्रामुख्याने त्यांच्या निर्मात्यांनी.

या वहिवाटीचे मूळ ज्या यंत्रात आहे, ते एस. यू. कार्बुरेटर एका पादत्राणांच्या व्यापाऱ्याच्या घरात जन्मास आले. लंडनमधील ‘लिली अँड स्किनर’ या जोड्यांच्या प्रसिद्ध पेढीच्या कुटुंबातील जॉर्ज हर्बर्ट स्किनर यांनी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी हे कार्बुरेटर कल्पिले, त्यांचे बंधू थॉमस कार्लाइल स्किनर यांनी ते बाजारात आणण्याचा भार उचलला, आणि 1910 साली ‘स्किनर्स युनियन’ या नावाची आद्याक्षरे धारण करणारी कंपनी स्थापन झाली. पहिल्या नमुन्यांत कातड्याचा एक छोटा भाता असे, आणि चामड्याच्या धंद्यात वाढलेल्या माणसाला तो सुचावा यात नवल नाही. इंजिन जितकी हवा ओढील तितका हा भाता, लोहाराच्या भात्याप्रमाणे, आकुंचन पावून वर उचलला जाई आणि हवेची वाट तितकीच मोकळी करी. पुढे कातडे गेले आणि त्याच्या जागी घुमटाकार टोपीखाली सरकणारा धातूचा पिस्टन आला. पण तत्त्व तेच राहिले. पिस्टनच्या तळाशी निमुळती होत गेलेली एक सुई असते. पिस्टन वर चढला की ती पेट्रोलच्या जेटमधून तितकीच वर येते आणि तिच्याभोवतीची फट रुंदावून पेट्रोल त्या प्रमाणात अधिक सुटते. हवेच्या मागणीप्रमाणे मार्ग आणि मार्गाप्रमाणे पेट्रोल, असा हा चोख जमाखर्च आहे. 1926 साली विल्यम मॉरिस यांनी ही कंपनी विकत घेतली, आणि त्यानंतर मॉरिस व एम. जी. या मोटारींशी तिचे भाग्य कायमचे जोडले गेले.

वाचकाने येथे एक हिशेब ध्यानात घ्यावा. एक लिटर पेट्रोल नीट जळावयास सुमारे 9,000 लिटर हवा लागते. पेट्रोल अधिक सोडणे हे सोपे काम आहे, जेट मोठे केले की भागते. परंतु एवढी अवाढव्य हवा अरुंद नळ्यांतून, वळणांवरून आणि व्हॉल्व्हच्या फटीतून सेकंदाच्या अल्पांशात आत नेणे हीच इंजिनाच्या सामर्थ्याची खरी अडचण होय. म्हणूनच ज्याला मोटार वेगवान करावयाची असे, त्याची नजर प्रथम वायुमार्गाकडे वळे.

सेसिल किम्बर यांची नजर अशीच वळली होती. ऑक्सफर्डच्या ‘मॉरिस गॅरेजेस’चा कारभार 1922 साली त्यांच्या हाती आला, तेव्हा साध्या मॉरिस मोटारींवर देखण्या बॉडी चढविणे एवढ्यापुरतीच त्यांची महत्त्वाकांक्षा मर्यादित राहिली नाही, इंजिनातही हात घालावा असे त्यांना वाटले, आणि एम. जी. या नावाची मोटार त्यातून निपजली. 1929 साली त्यांनी आपला कारखाना ॲबिंग्डन या गावी, ‘पाव्हलोव्हा’ नावाच्या चामड्याच्या कारखान्याच्या रिकाम्या पडलेल्या इमारतीत हलविला. पुढची पाच-सहा वर्षे ही त्या कारखान्याच्या वैभवाची. हवा नुसती ओढून पुरत नाही, तेव्हा ती ढकलून आत घालावी, या विचाराने त्यांच्या शर्यतीच्या मोटारींना सुपरचार्जर बसविण्यात आले. 1931 साली जॉर्ज आयस्टन यांनी फ्रान्समधील माँलेरी येथे 750 घनसेंटिमीटरच्या लहानग्या इंजिनावर ताशी 100 मैलांची मर्यादा ओलांडली. 1933 साली के-3 या मोटारीने इटलीतील ‘मिले मिलिया’ शर्यतीत आपल्या वर्गात पहिला क्रमांक मिळविला, आणि त्याच वर्षी ताझिओ नुव्होलारी यांनी तिच्याच जोरावर अल्स्टरची टूरिस्ट ट्रॉफी जिंकली. 1935 साली कंपनी मॉरिस मोटर्सच्या ताब्यात गेली आणि शर्यतींचे खाते बंद करण्याचा हुकूम निघाला. मला वाटते, या हुकुमामुळेच ती विद्या कारखान्याच्या चार भिंतींतून बाहेर पडली. अधिकृतपणे शर्यतीत उतरण्याची बंदी झाल्यावर ॲबिंग्डनच्या कारागिरांनी आपले ज्ञान ग्राहकांच्या हवाली केले.

दुसऱ्या महायुद्धानंतर एम. जी.च्या टी-मालिकेतील ‘मिजेट’ मोटारींसाठी कारखान्याने ज्या छोट्या पुस्तिका काढल्या, त्या या दृष्टीने अत्यंत वाचनीय आहेत. सिलिंडर-हेडचा पृष्ठभाग किती तासावा, वायुद्वारे कशी गुळगुळीत करावी, कार्बुरेटर कोणत्या मापाचा घ्यावा, त्यात कोणती सुई घालावी आणि अखेरीस सुपरचार्जर कसा बसवावा, असा टप्प्याटप्प्याने जाणारा तो उपदेश आहे. सामान्य टी. डी. मोटारीला सव्वा इंच व्यासाचे दोन एस. यू. असत, तिच्याच ‘मार्क टू’ या तिखट आवृत्तीला कारखान्याने दीड इंचाचे दिले, आणि 1953 साली टी. एफ. आली तेव्हा दीड इंची कार्बुरेटर हाच तिचा नित्याचा सरंजाम झाला. एका पिढीचा हौशी बदल पुढच्या पिढीत नियम व्हावा, हा क्रम या इतिहासात वारंवार दिसतो.

या विद्येला तर्काच्या आणि हाताच्या अंदाजाच्या पातळीवरून मोजमापाच्या पातळीवर आणण्याचे श्रेय हॅरी वेस्लेक यांना दिले पाहिजे. एक्झिटर येथे जन्मलेल्या आणि पुढे ससेक्समधील राय या गावी आपली प्रयोगशाळा थाटणाऱ्या या गृहस्थांनी इंजिन न चालविताच, सिलिंडर-हेडमधून हवेचा झोत सोडून, कोणत्या आकाराच्या मार्गाने किती हवा जाते हे यंत्रावर मोजावयास आरंभ केला. विसाच्या दशकाच्या अखेरीस बेंटली मोटारींवर त्यांनी केलेले काम गाजले. पुढे जॅग्वारचे एक्स. के. इंजिन आणि ऑस्टिनचे ए-मालिकेचे इंजिन यांच्या हेडची घडण त्यांच्या सल्ल्याने झाली. ए-मालिकेचा तो हृदयाकृती ज्वलनकक्ष त्यांच्याच विचाराचे फळ. छिद्र मोठे केले की हवा अधिक जाईल ही सर्वसामान्य समजूत वेस्लेक यांच्या यंत्राने खोटी पाडली. बहुतेक वेळा छिद्राच्या मापापेक्षा त्याच्या आकाराला अधिक महत्त्व असते, हे त्यांनी आकड्यांनी दाखवून दिले.

या सिद्धांताचा पाया मात्र त्यांच्याही पूर्वी दीड शतकाहून अधिक काळ आधी घातला गेला होता. फ्रेंच आरमारातील अधिकारी आणि गणिती झाँ-शार्ल द बोर्दा यांनी 1766 साली भांड्याच्या छिद्रांतून वाहणाऱ्या द्रवांचा अभ्यास करताना असे दाखविले, की भांड्याच्या आत शिरलेल्या उघड्या, धारदार नळीच्या तोंडाशी प्रवाह इतका आकुंचित होतो की नळीच्या क्षेत्रफळापैकी निम्मेच क्षेत्र त्याच्या वाट्यास येते. तेच तोंड बाहेरच्या बाजूस गोलाईने वळवून भोंग्याच्या आकाराचे केले, तर हे आकुंचन जवळजवळ नाहीसे होते. बोर्दा पाण्याविषयी लिहीत होते. पण वाराही त्याच नियमाने वागतो. कार्बुरेटरवरचा एअर क्लीनर उतरवून त्याची सपाट, कडेदार गळपट्टी उघडी टाकणारा उत्साही तरुण फिल्टरचा अडथळा दूर करतो खरा; पण त्याच क्षणी तो प्रवाहाला त्या तीक्ष्ण कडेवरून वळावयास लावतो, आणि एका हाताने मिळविलेले दुसऱ्या हाताने घालवितो. ब्रुकलंड्सच्या जुन्या धावपट्टीवर 1907 पासून 1939 पर्यंत जी कारागीर मंडळी नांदली, त्यांच्या मोटारींच्या कार्बुरेटरांवर चकचकीत भोंगे दिसत, ते शोभेसाठी नव्हते.

आता पुन्हा हीली यांच्याकडे वळू. 1952 च्या ऑक्टोबरात लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात त्यांनी मांडलेली मोटार ऑस्टिनचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांना इतकी आवडली की प्रदर्शन चालू असतानाच करार ठरला आणि तिला ‘ऑस्टिन-हीली’ हे जोडनाव मिळाले. तिच्यातील इंजिन ऑस्टिनच्या ए-90 या घरगुती मोटारीचे, 2,660 घनसेंटिमीटरचे, शांत व सोशिक असे होते. मूळ अवस्थेत ते 90 अश्वशक्ती देई. पुढच्याच जून महिन्यात, 1953 साली, जवळजवळ याच स्वरूपातील दोन मोटारी ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरल्या आणि बाराव्या व चौदाव्या क्रमांकाने सुखरूप पार पडल्या. शर्यतीत वापरलेले बदल सामान्य ग्राहकालाही मिळावेत अशी तजवीज झाली, ती या यशानंतर, आणि तिलाच ‘ल मान्स संच’ असे नाव पडले. दीड इंची कार्बुरेटरांच्या जागी पावणेदोन इंची आले, थंड हवेची पेटी आली, कॅमशाफ्ट बदलला, आणि इंजिन 100 अश्वशक्तीच्या घरात गेले; त्याला उंच पिस्टनांनी दाबाचे प्रमाण वाढविण्याची जोड दिली की 110. हेच सर्व बदल कारखान्यातूनच करून दिलेली, झडपांच्या चिरा पाडलेल्या बॉनेटवर कातडी पट्टा मिरविणारी 100-एम ही मोटार 1955 पासून विक्रीस आली, आणि तिचे 640 नग कारखान्यातून बाहेर पडले. आज बाजारात त्यांची किंमत साध्या मोटारींहून पुष्कळ अधिक असते. वायुमार्ग बदललेल्या मोटारीला ‘अस्सल नाही’ म्हणून नापसंत करणारे रसिकच 100-एमसाठी ही जादा किंमत आनंदाने मोजतात, या विसंगतीकडे मला त्यांचे लक्ष वेधावेसे वाटते.

याच घराण्यातील 100-एस ही शर्यतीची मोटार वेस्लेक यांच्या ॲल्युमिनियमच्या हेडमुळे 132 अश्वशक्तीपर्यंत पोहोचली. तिचे नाव मात्र एका दारुण घटनेशी जोडले गेले. 1955 च्या ल मान्स शर्यतीत लान्स मॅक्लिन यांच्या ऑस्टिन-हीलीवर मागून येणारी मर्सिडीज आदळून प्रेक्षकांत जाऊन पडली आणि ऐंशीहून अधिक माणसे प्राणांस मुकली. वेगाच्या या शास्त्राचा इतिहास सांगताना त्या मृतांचा उल्लेख गाळणे योग्य होणार नाही.

1962 साली आलेली एम. जी. बी. ही या परंपरेची सर्वांत विपुल अपत्यसंपदा. ॲबिंग्डनहून तिचे पाच लाखांहून अधिक नग निघाले. तिच्या 1,798 घनसेंटिमीटरच्या बी-मालिकेच्या इंजिनात एक मूलगामी अडचण होती. चार सिलिंडरांसाठी हवा आत नेणारी द्वारे दोनच, म्हणजे दोन-दोन सिलिंडरांनी एकाच दारातून आपापला हिस्सा घ्यावयाचा. शिवाय हवा आत घेण्याची बाजू आणि जळका धूर बाहेर टाकण्याची बाजू एकच, त्यामुळे दोन्ही कार्बुरेटर लाल होईतो तापणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या अगदी वर बसलेले. हवेचे तापमान तीन अंश सेल्सिअसने वाढले की तिची घनता सुमारे एक टक्क्याने घटते. बॉनेटखालची हवा बाहेरच्यापेक्षा तीस अंशांनी तापली तर हा घाटा किती होईल, याचा हिशेब वाचकानेच करावा. कारखान्याचे मूळ एअर क्लीनर, म्हणजे कागदी फिल्टर पोटात असलेले दोन गोल डबे, दिसावयास ओबडधोबड. पण त्यांना हवा घेण्यासाठी नळीचे तोंड दिलेले होते. ते काढून त्यांच्या जागी उघडे फिल्टर बसविण्याची जी चाल पुढे पडली, तिने मोटारीला एक भारदस्त घरघर दिली आणि कित्येकदा ऊन हवेचा अधिक भरणा, याखेरीज काही दिले नाही. जाणत्या कारागिरांनी मात्र फिल्टर जागेवर ठेवून, त्याच्या आत कार्बुरेटरच्या तोंडाशी गोलाईची एक बुटकी कडी बसविण्याची युक्ती काढली. बोर्दांच्या शोधाचा इतका अल्पखर्ची उपयोग दुसरा क्वचितच कोणी केला असेल.

खुद्द ॲबिंग्डनमध्ये साठच्या दशकात ‘स्पेशल ट्यूनिंग’ नावाचा स्वतंत्र विभाग नांदत होता आणि तो ग्राहकांना पुस्तिकाही पुरवी, सुटे भागही पुरवी. 1963 साली ल मान्सला पाठविलेल्या एम. जी. बी.वर एस. यू.ची जोडी उतरवून बोलोन्याच्या वेबर कंपनीचा एकच दुहेरी कार्बुरेटर चढविला होता; सुरुवातीलाच वाळूत रुतून दीर्घ काळ खोळंबलेली ती मोटार बाराव्या क्रमांकाने आली आणि आपल्या वर्गात पहिली ठरली. हा बदल करणारे कारखान्याचेच लोक होते, हे मुद्दाम सांगावयास हवे.

पुढे वायुमार्गात हात घातला तो सरकारने. अमेरिकेत धुराविषयीचे कायदे 1968 पासून कडक होत गेले, आणि तेथे जाणाऱ्या एम. जी. बी.ला प्रथम हवेचा पंप लागला, तर 1975 च्या सुमारास तिचे दोन एस. यू. जाऊन त्यांच्या जागी एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग आला. प्रारंभी 95 अश्वशक्तीची म्हणून विकलेली ही मोटार तेथे साठ-बासष्टवर आली. मोजणीची पद्धत मध्यंतरी बदललेली असल्यामुळे यातला काही फरक कागदोपत्री आहे, पण सगळा नाही. तेव्हापासून तेथील मालकांत एस. यू.ची जोडी परत बसविण्याची रीत रूढ झाली. कॅलिफोर्नियात मात्र 1975 पर्यंतच्या मोटारींना धुराच्या तपासणीतून सूट आहे, आणि 1976 वा त्यानंतरच्या मोटारीला कारखान्याने बसविलेली यंत्रसामग्री शाबूत असल्याची रुजुवात आजही द्यावी लागते. त्या कायद्यामागची तळमळ मला न्याय्य वाटते. शहराची हवा ही मोटारीच्या हवेपेक्षा निश्चितच मोलाची आहे. ॲबिंग्डनचा कारखाना 1980 च्या ऑक्टोबरात बंद पडला.

महाराष्ट्रातल्या वाचकाला या कथेतील एक पात्र चांगले परिचयाचे आहे. जिल्हाधिकाऱ्यापासून मंत्र्यापर्यंत सर्वांची स्वारी जिच्यातून निघे, त्या हिंदुस्तान मोटर्सच्या अँबॅसडरला 1959 पासून मिळालेले 1,489 घनसेंटिमीटरचे इंजिन याच बी-मालिकेचे, म्हणजे 1955 सालच्या एम. जी. ए. या मोटारीच्या इंजिनाचे सख्खे भावंड होते. एम. जी. ए.मध्ये दोन कार्बुरेटर आणि उंच दाब यांच्या बळावर ते 72 अश्वशक्ती देई. अँबॅसडरमध्ये एका कार्बुरेटरवर ते पन्नाशीच्या आसपास राही. आपल्या कच्च्या रस्त्यांच्या धुळीत भोंगे आणि उघडी तोंडे यांचा काय उपयोग झाला असता? धूळ गाळून इंजिन वीस-वीस वर्षे जगविणे हीच येथील वायुमार्गाची कसोटी होती, आणि देशपरत्वे निराळी कसोटी लावणे हेही या विद्येचेच अंग मानले पाहिजे.

तेव्हा माझे मत असे, की अशा मोटारीचा वायुमार्ग बदलणाऱ्याला परंपरेचा द्रोही म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. मात्र जो न मोजता बदलतो, तो त्या परंपरेचा वारस म्हणविण्यासही पात्र नाही. एस. यू.मध्ये हवेचा मार्ग मोकळा केला की सुईही बदलावी लागते. प्रत्येक सुईला अक्षराचे वा आकड्याचे नाव आहे आणि तिच्या लांबीवर दर अष्टमांश इंचास तिची जाडी इंचाच्या दहा हजाराव्या भागापर्यंत ठरलेली आहे. ज्यांच्यापाशी अशी एखादी मोटार असेल, त्यांना माझी एवढीच विनंती, की बदल खुशाल करावा. पण हवा कोठून येते आणि किती तापून येते हे आधी पाहावे, काढलेले मूळ डबे मोडीत न घालता तेल लावून, गुंडाळून जपून ठेवावेत, आणि नव्या सुईचे नाव तारखेनिशी मोटारीच्या कागदपत्रांत नोंदवावे, म्हणजे पुढच्या धन्याला आपण काय केले आणि का केले हे कळेल.